महापालिकेच्या शाळेत जपानीचा वर्ग सुरू करायचाय? पहिल्या अर्जापासून वर्षाअखेरपर्यंत

पुण्यात जपानी शिकणाऱ्यांना तोटा नाही. फर्ग्युसन रस्त्यावरचं रानडे इन्स्टिट्यूट आहे, टिळक महाराष्ट्र विद्यापीठ आहे, खासगी क्लास तर प्रत्येक उपनगरात आहेत. पण या वर्गांत महापालिकेच्या शाळेतून आलेलं मूल शोधूनच काढावं लागतं. फी हे एक कारण आहेच. दुसरं कारण मला शिकवायला लागल्यावर कळलं: आपल्याकडे जपानी बहुतेक ठिकाणी इंग्रजीच्या दारातून शिकवली जाते, आणि त्या दारातच ही मुलं अडतात.

मी दिवसभर भाषांतराचं काम करते आणि चार वर्षांपासून महापालिकेच्या एका मराठी शाळेत सहावी-सातवीला जपानी शिकवते. पहिल्या वर्षी इंग्रजी पुस्तकाच्या झेरॉक्स घेऊन गेले होते. दुसऱ्या बाकावरची एक मुलगी रोमन अक्षरांतले पाच स्वर वहीत उतरवून पेन्सिल चावत बसली होती. मी फळ्यावर अ, इ, उ, ए, ओ लिहिलं. तिने मान वर केली आणि म्हणाली, "बाई, हे तर आपलंच आहे." त्या दिवसापासून झेरॉक्स बंद झाल्या. असा वर्ग सुरू करायचं तुमच्या मनात असेल, तर माझी दोन वर्षं ज्यात गेली ते तुम्हाला आधीच कळावं म्हणून हे लिहिते आहे.

1. शाळा आणि इयत्ता ठरवा

स्वतःच्या घराजवळची शाळा निवडा. पावसाळ्यात, परीक्षांच्या दिवसांत, बस बंद असतानाही तुम्हाला तिथे पोचायचं आहे. वर्गाला खंड पडला की मुलं समजून जातात की हेही "आले आणि गेले" यांपैकीच.

इयत्ता सहावी घ्या. मराठी लेखन पक्कं झालेलं असतं आणि लाजणं अजून सुरू झालेलं नसतं. महापालिकेच्या बऱ्याच प्राथमिक शाळा सातवी-आठवीपर्यंतच असतात, पुढे मुलं विखुरतात. सहावीत सुरुवात केली तर निदान दोन वर्षं हातात मिळतात. वर्गात पंचवीसच्या वर मुलं घेऊ नका. "हुशार मुलं निवडून देतो" असं शाळेने सुचवलं तर नम्रपणे नको म्हणा आणि ज्यांना यायचंय त्यांच्या चिठ्ठ्या टाका. माझ्याकडे सगळ्यात चांगला उच्चार असलेला मुलगा गणितात काठावर पास होणारा आहे. गुणांवर निवड केली असती तर तो माझ्या वर्गात आलाच नसता.

2. परवानगी आणि कागदपत्रं

आधी मुख्याध्यापकांना भेटा, मग अर्ज करा. उलट केलंत तर अर्ज फिरून त्यांच्याकडेच येतो, आणि तोवर त्यांना वाटलेलं असतं की तुम्ही वरून दबाव आणलात. त्यांचा होकार मिळाला की शाळा व्यवस्थापन समितीपुढे विषय ठेवायला सांगा. शिक्षण हक्क कायद्यानुसार या समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात, त्यामुळे समितीचा ठराव हा तुमचा सगळ्यात भक्कम कागद ठरतो. ठरावाची प्रत जोडून महापालिकेच्या शिक्षण विभागाकडे अर्ज करा.

सोबत ठेवायचे कागद:

- अर्ज, दोन प्रतींत. दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घ्या.
- मुख्याध्यापकांचं संमतीपत्र आणि समितीचा ठराव
- आधार कार्डाची प्रत, दोन फोटो
- तुमचं जेएलपीटी (जपानी भाषेची आंतरराष्ट्रीय परीक्षा) किंवा विद्यापीठाचं प्रमाणपत्र
- पोलिसांचं चारित्र्य पडताळणी प्रमाणपत्र
- वर्षाचा आराखडा, एका पानात, मराठीत
- "वर्ग विनामूल्य आहे, मुलांकडून कोणतीही रक्कम घेतली जाणार नाही" असं स्वाक्षरीचं लेखी हमीपत्र

चारित्र्य पडताळणीला वेळ लागतो, तो अर्ज सगळ्यांत आधी करा. मी तो शेवटी केला आणि जूनमधला वर्ग ऑगस्टमध्ये सुरू झाला. मुलांचे फोटो काढायचे असतील तर पालकांची वेगळी लेखी संमती घ्या, आणि शाळेचा एक शिक्षक कायम वर्गात असू द्या. हे नियमासाठी तर हवंच, पण तो शिक्षक हळूहळू तुमच्याबरोबर शिकायला लागतो, हा मोठा फायदा आहे.

3. पालकसभा संध्याकाळी घ्या

दुपारी चारला बोलावलंत तर कोणी येणार नाही. आया घरकामाला गेलेल्या असतात, वडील रिक्षावर किंवा साइटवर. साडेसातनंतर शाळेत किंवा वस्तीतल्या समाजमंदिरात भेटा.

दोन प्रश्न हमखास येतात. पहिला: "इंग्रजी धड येत नाही, जपानी कसं जमणार?" याचं उत्तर पाचव्या आणि सहाव्या टप्प्यात आहे. पालकांना तिथल्या तिथे दोन वाक्यं म्हणायला लावा, पटतं.

दुसरा: "याने नोकरी लागेल का?" इथे खरं तेच सांगा. जेएलपीटीच्या एन5 या पहिल्या पातळीवर कोणी नोकरी देत नाही. जपानच्या विशिष्ट कौशल्य व्हिसासाठी वय 18 पूर्ण लागतं, भाषेची एन4 (एन5च्या वरची पातळी) किंवा जेएफटी-बेसिक ही परीक्षा आणि शिवाय त्या कामाची कौशल्य चाचणी पास व्हावी लागते. ऑगस्ट 2025 मध्ये भारत आणि जपानने पाच वर्षांत पाच लाख लोकांच्या देवाणघेवाणीचा आराखडा जाहीर केला, त्यात भारतातून 50,000 कुशल माणसं जपानला जावीत असं धरलं आहे. संधी खरी आहे, पण सहावीतल्या मुलासाठी ती सात-आठ वर्षं लांब आहे. वस्तीत "जपानला पाठवतो, आधी पैसे भरा" म्हणणारे फिरायला लागले आहेत. त्यांच्यापासून सावध राहायला याच सभेत सांगा. तुमच्या वर्गाच्या नावावर कोणाची फसवणूक व्हायला नको.

4. वेळ आणि खोली

महापालिकेच्या बऱ्याच इमारतींत दोन सत्रं भरतात. सकाळची शाळा सुटते तेव्हा दुपारची भरत असते, त्यामुळे "शाळा सुटल्यावर एक तास" हे कागदावरच शक्य असतं. खोली कोणत्या वेळी खरोखर मोकळी असते ते स्वतः जाऊन दोन-तीनदा बघा. मला शनिवारची शेवटची तासिका आणि आठवड्यात एक कार्यानुभवाची तासिका मिळाली. चाळीस-चाळीस मिनिटांच्या दोन तासिका पुरेशा आहेत. खिचडीच्या सुट्टीत मात्र वर्ग घेऊ नका, काही मुलांचं ते दिवसातलं पहिलं जेवण असतं.

5. हिरागाना: आपल्या वर्णमालेवरून

सगळ्यात जास्त तयारी इथे करा.

हिरागाना ही जपानीची पहिली शिकायची लिपी. तिच्यातल्या अक्षरांचा क्रम असा आहे: आ, इ, उ, ए, ओ, मग का, सा, ता, ना, हा, मा, या, रा, वा यांच्या ओळी. आता आपली वर्णमाला म्हणा: क, च, ट, त, प, म, य, र, ल, व. साम्य योगायोगाचं नाही. बौद्ध भिक्षू संस्कृत मंत्र अचूक म्हणता यावेत म्हणून सिद्धम् ही जुनी भारतीय लिपी शिकत. कूकाइ हा भिक्षू 806 मध्ये चीनहून परतला तो हे ज्ञान घेऊनच. त्या अभ्यासातून जपानी ध्वनींना संस्कृतची मांडणी मिळाली. "सा" ओळ आपल्या "च"च्या जागी आहे, "हा" ओळ "प"च्या जागी, कारण जुन्या जपानीत ती "पा" होती.

हे नुसतं मजेचं ज्ञान समजू नका. "का"वर दोन छोट्या रेघा दिल्या की "गा" होतो, "ता"चा "दा" होतो. मग "हा"चा "बा" का होतो? इंग्रजीतून शिकणारा ते पाठ करतो. आपली मुलं प, ब, म ओठांवर म्हणून बघतात आणि त्यांना कळतं. माझ्या वर्गात हे कोडं मी तसंच ठेवते, आणि दर वर्षी कोणीतरी मागच्या बाकावरून ओरडतं, "प-वर्ग, बाई!"

मराठी मुलांकडे आणखी एक ठेवा आहे. जपानीतलं "त्सु" हे अक्षर असं जोडाक्षर म्हणून लिहून दिलं की मुलं अडखळतात. त्याऐवजी "चूक" या शब्दातला च म्हणायला सांगा. "पाणी" म्हणजे "मिझु", त्यातला झु "जुना"मधल्या ज सारखा. आपल्या च-ज चे दोन उच्चार इथे फुकट कामी येतात.

आठवड्याला एक-दोन ओळी धरल्या तर 46 अक्षरं दिवाळीच्या सुट्टीपर्यंत आरामात होतात. त्यात अडचणीच्या जागा या:

- शिरोरेघ. एका मुलाने "नेको", म्हणजे मांजर, दोन्ही अक्षरं सुरेख काढली आणि सवयीने वरून रेघ मारून टाकली. रागावू नका. गणिताची चौकटीची वही द्या, एका चौकटीत एक अक्षर. सवय आपोआप मोडते.
- ऱ्हस्व-दीर्घ. "ओबासान" म्हणजे काकू-मावशी, "ओबाआसान" म्हणजे आजी. बोलताना आपण दीर्घाकडे दुर्लक्ष करतो, जपानीत अर्थ बदलतो. टाळी वाजवून मात्रा मोजा.
- जोडाक्षर. "किते" म्हणजे ये, "कित्ते" म्हणजे पोस्टाचं तिकीट. मराठीतलं "कला" आणि "कल्ला" सांगितलं की पुन्हा समजवावं लागत नाही.
- देवनागरीची कुबडी. सुरुवातीला हवीच, पण दिवाळीनंतर फळ्यावरून देवनागरी काढून टाका. एकदा वर्षभर राहिली की मुलं जपानी अक्षर बघतच नाहीत.

पहिल्या दिवशी प्रत्येकाचं नाव जपानी अक्षरांत लिहून द्या. त्या लिपीत ल नाही, म्हणून "लीला"ची "रीरा" होते. आधी सांगून ठेवा, नाहीतर मुलीला वाटतं तुमचं लिहायला चुकलं.

6. वाक्य: मराठीसारखंच ठेवा

"कोरे वा होन देस का." हे पुस्तक आहे का. शब्दांचा क्रम तोच, आणि प्रश्नाचं "का" वाक्याच्या शेवटी जसंच्या तसं. "तारो नो होन" म्हणजे तारोचं पुस्तक. "गाक्कोओ नि इकिमास" म्हणजे शाळेला जातो. इंग्रजीत नामाच्या आधी येणारी "टू", "इन"सारखी अव्ययं इथे आपल्या प्रत्ययांसारखी नामाच्या मागे लागतात. "ताबेते इकिमास" म्हणजे खाऊन जातो. हे "-ते" रूप इंग्रजीतून शिकवायला मोठे क्लासही दोन-तीन आठवडे घेतात. मराठीत "-ऊन" म्हटलं की ते काय करतं हे एका तासात कळतं, मग उरतो फक्त रूपांचा सराव.

उर्दू किंवा कन्नड माध्यमाची शाळा असेल तरी वाक्याचा क्रम हाच आहे, काळजी करू नका.

मराठी जिथे पुरत नाही ती जागाही दाखवा. आपल्याकडे "हे" आणि "ते" एवढंच. जपानीत तीन: माझ्याजवळचं "कोरे", तुझ्याजवळचं "सोरे", दोघांपासून लांबचं "आरे". खडू माझ्या हातात, तुमच्या हातात, खिडकीबाहेर असं करून दाखवा.

7. संस्कृती शिकवताना

माझी सगळ्यात मोठी चूक इथली आहे. जपानी शाळेत मुलं स्वतः वर्ग झाडतात, पुसतात, त्याचं चित्र दाखवून मी म्हटलं, "बघा, ही मुलं किती शिस्तीने झाडतात." एक मुलगा शांतपणे म्हणाला, "माझी आई रोजच झाडते, बाई. कोठीवर आहे." आरोग्य कोठीवर हजेरी लावून ती पहाटे रस्ते झाडायला जाते. वर्गातल्या निम्म्या मुलांच्या घरी असंच कोणीतरी होतं. कष्टाची ओळख त्यांना माझ्यापेक्षा जास्त होती आणि मी त्यांना ते परदेशातून आणून दाखवत होते.

आता तो धडा मी उलटा घेते. घरी कोण काय करतं ते आधी मुलं सांगतात: पाणी भरणं, भांडी, लहान भावाला सांभाळणं. मग त्यांचे जपानी शब्द येतात, आणि शेवटी जपानी शाळेचं चित्र. "ते चांगले, आपण गबाळे" असा सूर कुठेही लागू देऊ नका. मुलं तो ताबडतोब ओळखतात.

चालणाऱ्या काही गोष्टी:

तानाबाता, 7 जुलै. शाळा सुरू होऊन तीनच आठवडे झालेले असतात, सुरुवातीला उत्तम. कागदाच्या पट्ट्यांवर इच्छा लिहून बांबूला बांधायच्या. मराठीतच लिहू द्या. गेल्या वर्षी एका पट्टीवर होतं, "आमच्या नळाला सकाळी पाणी येऊ दे."

ओरिगामी. विकतचा रंगीत कागद आणू नका, जाहिरातींची पत्रकं चौकोनी कापा. होडी सगळ्यांना येतच असते, तिथून सुरुवात करा. वर्तमानपत्राच्या चौकोनाचं शिरस्त्राण डोक्यात बसतं आणि पूर्ण वर्ग ते घालून घरी जातो.

कामिशिबाइ, म्हणजे लाकडी चौकटीतून एकेक चित्र सरकवत सांगायची गोष्ट. 1930 च्या दशकात जपानमध्ये मिठाई विकणारे सायकलवर ही चौकट घेऊन गल्लोगल्ली फिरत. आपल्या पिंगुळीच्या चित्रकथीचीच ही लांबची बहीण म्हणायला हवी. खोक्याच्या पुठ्ठ्याची चौकट करा आणि मोमोतारोची गोष्ट मुलांकडून काढून घ्या: पीचमधून निघालेला मुलगा, भरडधान्याचे लाडू, कुत्रा, माकड आणि तित्तरासारखा पक्षी.

ही गोष्ट जपानमधलं ओकायामा शहर आपलीच मानतं, म्हणून पुढची पायरी सोपी: सिंहगड रस्त्यावरचं पु. ल. देशपांडे उद्यान, म्हणजेच पुणे-ओकायामा मैत्री उद्यान. ओकायामाच्या कोराकुएन या 1700 मध्ये पूर्ण झालेल्या बागेच्या धर्तीवर ते केलं आहे. सहलीसाठी मुख्याध्यापकांची वेगळी परवानगी आणि पालकांची वेगळी संमतीपत्रं लागतात, वर्गाची चालत नाहीत. दर दहा मुलांमागे एक मोठं माणूस ठेवा.

सरस्वतीचं चित्र आणि बेन्झाइतेन या जपानी देवतेचं चित्र शेजारी लावा, आणि नाव न सांगता विचारा. एकीच्या हातात वीणा, दुसरीच्या हातात बिवा हे जपानी तंतुवाद्य. मूळ एकच. वर्ग सर्व धर्मांचा असतो, तेव्हा हे पूजेचं नव्हे, प्रवासाचं उदाहरण म्हणून सांगा.

8. फुकट मिळणारं साहित्य आणि माणसं

एनएचके वर्ल्ड या जपानी प्रसारण संस्थेचे "ईझी जपानीज" धडे हिंदी आणि उर्दूतूनही ऐकता येतात. जपान फाउंडेशनच्या संकेतस्थळांवर मुलांना रुचतील असे व्हिडिओ आहेत. घरी मोबाइल एकच असतो आणि तो वडिलांबरोबर कामावर जातो, म्हणून गृहपाठ मोबाइलवर देऊ नका.

मदतीला माणसं हवीत तर जपानी शिकणाऱ्या विद्यापीठांच्या विद्यार्थ्यांना विचारा. पुण्यातली जपानी भाषाशिक्षकांची संघटना, जाल्टॅप, हिची ओळखही करून घ्या. एकट्याने वर्ग चालवला की तुमच्या पहिल्या तापात तो बंद पडतो. दोघं तरी असाच.

9. परीक्षेची घाई नको

पालक आणि शाळा दोघंही विचारतील, "प्रमाणपत्र कधी?" हिशेब त्यांच्यापुढे मांडा. जेएलपीटीच्या सगळ्यात खालच्या पातळीसाठी जुना मापदंड साधारण 150 तास, 800 शब्द आणि 100 कांजी, म्हणजे चिनी अक्षरं, असा होता. आपल्या दोन तासिका, तीस आठवडे, म्हणजे वर्षाला 40 तास. सातवी संपेपर्यंत 80. त्यामुळे शाळेत असताना एन5 हे ध्येय ठेवू नका.

एखादं मूल खरंच तयार असेल, तर परीक्षा जुलै आणि डिसेंबरच्या पहिल्या रविवारी असते, अर्ज काही महिने आधी भरावे लागतात, वयाची अट नाही. एन5 ला 180 पैकी 80 गुण लागतात, पण भाषा-वाचनात 120 पैकी किमान 38 आणि श्रवणात 60 पैकी किमान 19 वेगळे मिळावे लागतात. बेरीज भरली तरी श्रवणात अडकलं की नापास. प्रत्येक तासिकेला पाच मिनिटं ऐकवा.

10. सातवीच्या मुलांना निरोप देताना

पहिल्या तुकडीच्या वेळी मी शुभेच्छा दिल्या, पेढे वाटले आणि घरी आले. जूनमध्ये मुलं सहा वेगवेगळ्या शाळांत गेली. वर्षभरानंतर त्यांच्यातली एक बसथांब्यावर भेटली. हिरागाना अजून येत होतं, पुढे काय करायचं ते कोणी सांगितलंच नव्हतं.

आता वार्षिक परीक्षेच्या आधीच्या शनिवारी प्रत्येकाच्या वहीच्या शेवटच्या पानावर मी तीन ओळी लिहिते: पुढचा वर्ग कुठे, कोणत्या वारी, कोणाला भेटायचं. पालकांचा चालू नंबर हजेरीपटात पुन्हा तपासून घेते, कारण तो वर्षात एकदा तरी बदललेला असतो. आठवी ते दहावीच्या मुलांसाठी रविवारी सकाळी त्याच शाळेच्या व्हरांड्यात बसतो आम्ही. त्यासाठीही परवानगीचा अर्ज वेगळा लागतो. तो एप्रिलमध्येच देऊन ठेवा.